क्लीव्हलँडनं काढलेला कोच

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४. डेट्रॉइटच्या उत्तरेला असलेलं ट्रॉय हे उपनगर. मेपलची पानं कुंपण न जुमानता इकडून तिकडे उडतायत आणि दोन्ही घरची माणसं आपापल्या कागदी पिशव्या घेऊन मागच्या अंगणात उतरली आहेत. अलीकडे काका, मूळचे पुण्याचे. मोटारींच्या इंजिनांत हयात घालवून आता निवृत्त. पलीकडे त्यांची नागपूरची शेजारीण. शाळा-कॉलेजात पॉइंट गार्ड खेळलेली, आता मुलाच्या संघाला शनिवारी शिकवते. काका तिला 'नागपूरकर' म्हणतात. काकू डेकवर चहाचा कप घेऊन बसल्यात. त्या पानं भरत नाहीत, लक्ष ठेवतात.

"काका, चेहरा काऊन असा उतरला? काल दसरा झाला नं?"

"दसरा झाला, पण सीमोल्लंघन अंगाशी आलं. आमचे बेसबॉलवाले टायगर्स क्लीव्हलँडला गेले आणि पाचव्या, शेवटच्या सामन्यात मार खाऊन आले. त्या लेन थॉमसनं ग्रँड स्लॅम ठोकला तेव्हाच मी श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवली."

"ठेवली कसली! रात्री साडेदहाला फ्रिज उघडून संपवली," काकूंचा डेकवरून आवाज.

"अहो काका, ऑगस्टात टायगर्सना कोणी हिशेबात तरी धरत होतं का? इतके गेले तेच खूप झालं. आणि आज दुपारी फुटबॉलचे लायन्स आहेत डॅलसला. आपल्या गावाचे दिवस बरे आहेत सध्या."

"लायन्सबद्दल मी तोंड उघडत नाही. जानेवारीत फोर्टीनाइनर्सविरुद्ध मध्यंतराला २४-७ नं पुढं होते आणि ३४-३१ नं हरले. पण निदान लढले तरी. माझा जीव टांगणीला लागलाय तो बास्केटबॉलच्या पिस्टन्सपायी. २३ तारखेला इंडियाना येतंय, सीझन सुरू होतोय, आणि प्री-सीझनमध्ये जे बघतोय ते बघून पोटात गोळा येतो."

"काय पाहून राहिले तुम्ही असं?"

"एक क्वार्टर बरा जातो. वाटतं, चला, यंदा काहीतरी वेगळं आहे. मग दुसऱ्यात पुन्हा तेच. पास प्रेक्षकांत, थ्री-पॉइंटर रिंगला आपटून बाहेर, आणि डिफेन्सला दोघं एकालाच धरायला धावतायत. मंगळवारी ईस्ट लान्सिंगचा फिनिक्सविरुद्धचा सामना पाहिलास ना?"

"पाहिला. पण काका, त्यात गुणफलक कोण पाहतो? प्री-सीझन म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पोहे कसे झाले त्यावरून सासू कशी निघेल ते कळतं का कधी?"

"मला कळलं होतं," काका दबक्या आवाजात म्हणाले आणि डेककडे बघून पुन्हा पानं भरायला लागले.

"ऐकू येतं मला! आणि त्या ईस्ट लान्सिंगच्या सामन्यातली खरी गंमत तुम्हा दोघांनाही दिसली नाही. दोन्ही संघांचे मालक त्याच कॉलेजचे. आपला टॉम गोरेस मिशिगन स्टेटचा, फिनिक्सचा तो मॅट इशबिया पण मिशिगन स्टेटचा. म्हणून तर सामना तिथं, ब्रेस्लिन सेंटरला ठेवला. आणि त्या इशबियानं गेल्या वर्षी ज्या कोचला घरी पाठवलं, त्यालाच आपल्या गोरेसनं डोक्यावर बसवून आणलं!"

"मॉन्टी विल्यम्स," काकांनी नाव असं घेतलं की नागपूरकरनं दोन पानं हातातच ठेवली.

"काकू, तुम्हाला हे सगळं पाठ कसं हो?"

"पैशाच्या गोष्टी माझ्या पाठ असतात. सहा वर्षं, साडेअठ्ठ्याहत्तर मिलियन डॉलर. तोवर एनबीएत कुठल्याच कोचला एवढा करार मिळाला नव्हता. म्हणजे वर्षाला तेरा मिलियनच्या वर. आणि दिलं काय? ८२ सामन्यांत १४ विजय! एकेक विजय पडला नऊ लाख डॉलरच्या वर. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मी खजिनदार असते तर एवढा खर्च करून असला फराळ ठेवल्याबद्दल लोकांनी मला ग्रँड रिव्हर ॲव्हेन्यूवरून पिटाळलं असतं."

"आणि जूनमध्ये काढला तेव्हा पाच वर्षं शिल्लक होती," काका म्हणाले. "पासष्ट मिलियनच्या वर देणं बाकी. आता तो घरी बसून पगार घेणार. मी बत्तीस वर्षं गॅस्केट तपासले, मला कोणी घरी बसायचे एक डॉलर दिले नाहीत."

"पण काका, एक मान्य करा. मॉन्टी विल्यम्सला आणलं तेव्हा तुम्हीच या कुंपणावर पेढे वाटले होते."

"मी नाही, हिनं. आणि ते पेढे नव्हते, मिठाईच्या दुकानातली बर्फी होती. पण हो, आनंद झाला होता. झाला का नसावा? २०२१ ला फायनलपर्यंत गेलेला माणूस. पुढच्या वर्षी ६४ सामने जिंकले आणि एनबीएचा सर्वोत्तम कोच ठरला. आपल्याला वाटलं, १७-६५ च्या संघाला गुरू मिळाला."

"आणि गुरूनं १४-६८ केलं."

"१४-६८! पिस्टन्सच्या इतिहासात एवढी वाईट कामगिरी कधी नाही. १९७९-८० ला १६-६६ झालं होतं, तेव्हा मी पुण्यात सायकलवर कंपनीत जात होतो, त्यामुळे ते पाप माझ्या डोक्यावर नाही. हे मात्र सगळं डोळ्यांदेखत. सुरुवात कशी झाली आठवतंय ना? मायामीला एका गुणानं हरलो, मग शार्लट, मग शिकागो, दोन्ही जिंकलो. २-१. मी हिला म्हटलं, बघ, आलं वळणावर. त्यानंतर ३० ऑक्टोबर ते २८ डिसेंबर, सलग २८ पराभव."

"माझा मुलगा कॅलेंडरवर फुल्या मारत होता," नागपूरकर म्हणाली. "ब्रुकलिनच्या त्या सामन्यात केड कनिंगहॅमनं ४१ गुण केले तरी हरलो. एका सीझनमधल्या सलग पराभवांचा विक्रम झाला त्या दिवशी. पोरगं रडलं नाही, विचारलं, 'आई, एक्केचाळीसपेक्षा जास्त करायचे असतात का?' काय सांगणार?"

"अठ्ठाविसावा बॉस्टनला, ओव्हरटाइममध्ये. मग टोरंटोवर दोन गुणांनी जिंकलो, १२९-१२७, आणि मैदानात असा जल्लोष झाला की वाटावं विजेतेपद मिळालं. मला बायकोसमोर डोळे पुसायची लाज वाटली."

"डोळे नाही पुसलेत, चष्मा पुसलात," काकूंनी दुरुस्ती केली.

"पण काका, तेव्हा तुम्हाला राग कशाचा यायचा? हरण्याचा?"

"हरण्याचा नाही गं. हरणं मला पाठ आहे. राग यायचा तो मैदानावर कोण उभं आहे ते बघून. जेडन आयव्हीसारखं वाऱ्यासारखं धावणारं पोर बाकावर, आणि किलियन हेज सुरुवातीपासून खेळतोय. त्या हेजला पुढे फेब्रुवारीत संघातून सोडूनच दिलं! मग मध्येच पाचही राखीव खेळाडू एकदम मैदानात. अहो, पाचांतला एक तरी भरवशाचा ठेवा की! दहाची आघाडी पाच मिनिटांत संपायची. आणि पत्रकारांनी विचारलं की चेहरा असा, जणू कोणी त्याची किडनी मागितली."

"आता आले मुद्द्यावर!" नागपूरकरनं फावडं कुंपणाला टेकवलं. "माझी काळजी तीच होती, म्हणून मी यंदा प्री-सीझनमध्ये गुण पाहतच नाही. मी पाहून राहिले, नवा कोच कोणाला कोणासोबत उभं करतो ते. माझे नागपूरचे सर होते नं, त्यांना सामन्याआधी भाषण वगैरे काही येत नव्हतं. प्रत्येक मुलीला एक काम सांगायचे. तू फक्त त्या उंच पोरीपुढे उभी राहायचं. तू चेंडू मिळाला की दोनदा ड्रिबल, तिसऱ्यांदा पास. बस. जिला तिचं काम माहीत असतं ती पोरगी हरली तरी कोलमडत नाही. गेल्या वर्षी पिस्टन्सच्या पोरांना स्वतःचं काम काय तेच माहीत नव्हतं. आज सुरुवात करायची, परवा बाकावर, तेरवा परत सुरुवात."

"आणि नव्या कोचला माहिती आहे म्हणतेस? जे. बी. बिकरस्टाफ. क्लीव्हलँडनं मे महिन्यात काढलेला माणूस. काल क्लीव्हलँडनं आपले टायगर्स काढले, त्याआधी आपल्याला त्यांनी त्यांचा काढलेला कोच दिला. आपलं आणि त्या गावाचं काय वैर आहे कोण जाणे. २००९ ला प्लेऑफमध्ये चार-शून्य कोणी केलं? क्लीव्हलँड. २०१६ ला चार-शून्य? क्लीव्हलँड."

"आणि २०१९ ला?"

"मिलवॉकी. पण तेही चार-शून्यच. २००८ नंतर प्लेऑफमध्ये एक सामना, एक सामना जिंकलेला नाही आपण. नातू जन्मून हायस्कूलला पोचला."

"मग तुम्हाला एक क्लीव्हलँडचीच गोष्ट सांगू का? चक डेली."

काका थांबले. चक डेलीचं नाव काढलं की काका थांबतात, हे त्या आळीत सगळ्यांना माहीत आहे.

"चक डेली पिस्टन्सला यायच्या आधी कुठं होते?" नागपूरकरनं विचारलं.

"फिलाडेल्फियाला असिस्टंट."

"आणि त्यानंतर?"

"...क्लीव्हलँड," काका हळूच म्हणाले.

"क्लीव्हलँडला ९ जिंकले, ३२ हरले आणि सीझन संपायच्या आत नारळ मिळाला, १९८२ ला. त्यांना १९८३ मध्ये तुम्ही आणलं. म्हणजे तुम्ही नाही, पिस्टन्सनं. पुढे काय झालं ते तुम्हीच सांगा."

"पहिल्याच वर्षी ४९ विजय. मग १९८९ ला लेकर्सना चार-शून्य, १९९० ला पोर्टलँडला चार-एक. लागोपाठ दोन विजेतेपदं. आयझेया, डुमार्स, लँबीर, रॉडमन. आणि १९९२ च्या ऑलिंपिकमधली ती ड्रीम टीम पण त्यांच्याच हाताखाली." काकांचा आवाज एकदम तरुण झाला. "अगं, मी तेव्हा नुकताच आलो होतो इथं. ऑबर्न हिल्सचा पॅलेस आपल्या घरापासून दहा मिनिटं. चक डेली काय सूट घालायचे! लोक सामना बघायला यायचे तसे ते सूट बघायला पण यायचे. आणि त्यांची करामत काय होती? रॉडमनसारख्या माणसाला सांभाळलं. त्याला म्हणाले नाहीत की तू गुण कर. रिबाउंड आण आणि समोरच्याला जगू देऊ नकोस, एवढंच. काम ठरवून दिलं त्याला..."

"ऐकलं काकू? काका माझंच बोलून राहिले!"

"त्यांना ते कळलेलं नाही, बोलू दे," काकू म्हणाल्या.

"कळलंय मला," काका फणकारले. "पण चक डेली म्हणजे चक डेली. क्लीव्हलँडनं काढलेला प्रत्येक माणूस चक डेली होत नाही. आपल्याकडे काढलेल्यांची रांगच आहे. २००३ ला रिक कार्लाइलला काढलं, दोन वर्षं लागोपाठ ५० सामने जिंकून दिले होते त्यानं! पुढच्या वर्षी लॅरी ब्राउननं २००४ चं विजेतेपद आणलं, लेकर्सना चार-एक. तेव्हापासून मालकमंडळींना चटकच लागली, कोच बदला की कप येतो. फ्लिप साँडर्स २००८ ला गेले. मग मायकल करी एक वर्ष, जॉन कुस्टर दोन, लॉरेन्स फ्रँक दोन, मो चीक्सला तर ५० सामन्यांत घरी पाठवलं. मग स्टॅन व्हॅन गंडी, ऑर्लँडोला फायनलला नेलेला. मग ड्वेन केसी, टोरंटोनं काढल्यावर दीड महिन्यात सर्वोत्तम कोच ठरलेला. मग विल्यम्स, तोही सर्वोत्तम कोच. पदकं घेऊन आलेले सगळे, आणि आपण तिथल्या तिथं."

"म्हणून तर मला हा बरा वाटतो. याच्याकडे पदक नाही. याच्याकडे क्लीव्हलँडचे आकडे आहेत, ते पाहा तुम्ही. पहिलं पूर्ण वर्ष २२-५०. मग ४४-३८. मग ५१-३१, आणि त्या वर्षी एनबीएतला सगळ्यात चांगला डिफेन्स क्लीव्हलँडचा होता. मग ४८-३४. शेवटचं वर्ष सोडलं तर वाढवत नेलं त्यानं. आणि बाप बर्नी बिकरस्टाफ पण कोचच होता एनबीएत. पोरगं लहानपणापासून बाकावर वाढलं."

"पण न्यू यॉर्कनं प्लेऑफमध्ये धुतला ना त्याला, चार-एक? शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्या संघाला गुण कसे करायचे तेच सुचत नाही म्हणतात."

"ते खरं आहे. ती काळजी मलाही आहे. पण काका, शेवटची पाच मिनिटं ही काळजी कोणाला परवडते? ज्याचा संघ तोवर सामन्यात टिकला आहे त्याला! आपल्याला आधी तिथं पोचायचं आहे."

काकांना हे पटलं, पण पटल्याचं दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी पिशवी पायानं दाबली. पिशवी फाटली.

"घ्या," काकू म्हणाल्या. "हे पण प्री-सीझनच."

"काकू, तुमची मैदानातली सगळ्यात मोठी तक्रार काय असते?"

"माझी? तो केड. गुणी मुलगा आहे, पण बघावं तेव्हा तीन माणसं त्याच्या अंगावर. त्याला श्वास घेऊ देत नाहीत. आणि बाकीचे चौघं काय करतात तेवढा वेळ?"

"अगदी बरोबर! काका, काकूंनी सगळी व्यूहरचना एका वाक्यात सांगितली. केडच्या अंगावर तिघं का जातात? कारण बाकीच्यांना मोकळं सोडलं तरी चालतं. ड्युरेन बास्केटखालचा माणूस, तो बाहेरून मारत नाही. ऑसार थॉम्पसन, काय सुंदर डिफेन्स करतो पोरगा, पण पहिल्या वर्षी त्याचे थ्री किती लागले? १८.६ टक्के. शंभरात एकोणीसही नाहीत. समोरचे म्हणतात, मार बाबा, खुशाल मार. आणि त्याचा माणूस आत जाऊन केडची वाट अडवतो. कोपऱ्यात जर नेमबाज उभा असेल तर त्याच्या माणसाला तिथंच चिकटून राहावं लागतं, आणि केडला रस्ता मोकळा. म्हणून तर संघ चालवणाऱ्या नव्या साहेबांनी, ट्रेजन लँगडननं, उन्हाळ्यात काय खरेदी केली पाहा. टोबायस हॅरिस परत आणला, टिम हार्डवे ज्युनिअर, मलिक बीझली. सगळे बाहेरून मारणारे. आणि न्यू ऑर्लीन्सहून फ्रेड व्हिन्सनला आणलं, नेमबाजी शिकवायला. ऑसारचा हात तो सुधरवेल असं म्हणून राहिले."

"आधी ऑसार मैदानात तर येऊ दे. रक्ताच्या गुठळीपायी मार्चपासून बाहेर आहे बिचारा. अजून डॉक्टरांची परवानगी नाही. गुठळीच्या बाबतीत घाई नको बाई, पोरगं वाचलं ते महत्त्वाचं," काकू म्हणाल्या.

"हार्डवे आला ते बरं झालं," काका म्हणाले. "आपल्या ॲन आर्बरचा. मिशिगन विद्यापीठाला २०१३ च्या फायनलपर्यंत नेलेल्या संघातला. निदान त्याला इथला बर्फ माहीत आहे. पण मला सांग, यात प्री-सीझनमध्ये बघायचं काय?"

"तीन गोष्टी पाहा. एक, केड बाहेर बसला की चेंडू कोणाच्या हातात देतात. आयव्हीच्या देत असतील तर समजा, कोचला पोरगं हवं आहे. दोन, ड्युरेन आणि स्ट्युअर्ट, दोघं धिप्पाड एकदम मैदानात किती वेळ ठेवतात. जितका कमी तितकं बरं, आत गर्दी होत नाही. आणि तीन, चूक केल्याबरोबर पोराला ओढून बाकावर बसवतात की अजून दोन मिनिटं देतात. रॉन हॉलंड एकोणीस वर्षांचा आहे, चुका करणारच. गेल्या वर्षी चूक केली की पोरं आधी कोचकडे पाहायची. यंदा पुढच्या चेंडूकडे पाहतात का, एवढं पाहा. जिंकलं-हरलं ते राहू द्या."

"रॉन हॉलंडचं नाव काढलंस आणि मला नव्या खेळाडूंच्या निवडीतला तो पाचवा नंबर आठवला." काकांनी कपाळावर हात मारला. "दोन वर्षं सगळ्यात वाईट संघ आपण. २०२३ ला वाटलं, आता वेंबन्यामा आला. सोडतीत पडलो पाचव्या नंबरला, आणि तो सात फुटी पोरगा सॅन अँटोनिओला गेला. २०२४ ला पुन्हा सगळ्यात वाईट, पुन्हा पाचवा. २०२२ ला सुद्धा पाचवाच होता, आयव्ही त्यातच आला. तीन वर्षं लागोपाठ पाचवा! अगं, सत्यनारायण घातला असता तरी एकदा चौथा आला असता."

"आणि नंबर चांगला आला तेव्हा काय दिवे लावले?" काकूंनी कप खाली ठेवला. "२००३ ला दुसरा नंबर मिळाला होता. कार्मेलो अँथनी उभा होता, ड्वेन वेड उभा होता. यांनी उचलला डार्को मिलिचिच."

अंगणात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. डार्कोवर डेट्रॉइटमध्ये वाद होत नसतो, कारण दुसरी बाजूच नाही.

"असो," काका म्हणाले. "पण तू म्हणतेस प्री-सीझन बघू नका. मग मनाची तयारी कशावर करायची? चांगलं खेळले तर आशा धरायची की नाही?"

"आशा? तुम्ही डेट्रॉइटमध्ये राहून हे विचारून राहिले? २००८ साल विसरले का? लायन्स. प्री-सीझनमध्ये चार सामने, चारही जिंकले."

काकांचा चेहरा पडला. "आणि सीझनमध्ये सोळाच्या सोळा हरले. ०-१६. मी त्या वर्षी ऑगस्टात नवी जर्सी घेतली होती."

"ती मी पोछ्याला वापरते अजून," काकू म्हणाल्या. "चांगलं कापड आहे."

"मग? सरावात चारही जिंकणारे ०-१६ होऊ शकतात, तर सरावात अडखळणारे वर का येऊ नयेत? आणि त्याच लायन्सचं पाहा. २०२१ ला डॅन कॅम्पबेल आला तेव्हा ३-१३-१ झालं. लोक हसले. दोन वर्षांत तोच संघ फायनलच्या दारात. कोच बदलला नाही, धीर धरला. आपले पिस्टन्सवाले धीर धरत नाहीत, पैसे फेकतात."

"मालकाला हे कुंपणावरून सांगून उपयोग नाही. गेल्या डिसेंबरात लोक मैदानात ओरडत होते, 'संघ विका' म्हणून. गोरेसनं ऐकलं नाही. फ्रेड झॉल्नर बरा होता म्हणायचा. फोर्ट वेनला पिस्टनचा कारखाना होता त्याचा, संघालाही तेच नाव दिलं, आणि १९५७ ला संघ इथं आणला. निदान त्याला पिस्टन म्हणजे काय ते माहीत होतं. मी त्याच्याकडे नोकरी मागितली असती."

"तुम्ही तेव्हा पाळण्यात होता," काकू म्हणाल्या.

"बरं ते सोडा. काका, आकडा सांगा. यंदा किती विजय?"

"वीस."

"वीसच?"

"वीस म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा सहा जास्त. मी अनुभवावरून बोलतो. बिकरस्टाफ बरा आहे असं मानलं, नेमबाज आले असं मानलं, ऑसार बरा झाला असं मानलं, तरी ही पोरं तीन वर्षं हरण्यात मुरलेली आहेत. ते अंगातून जायला वेळ लागतो. आणि अजून डिसेंबर यायचाय. डिसेंबर मला आवडत नाही."

"मी पस्तीस म्हणते."

"पस्तीस! नागपूरच्या उन्हाचा परिणाम आहे हा."

"कोच डिफेन्स शिकवतो, केडला रस्ता मिळतो, आणि आयव्हीला काम मिळतं. एवढ्यावर पस्तीस होतात. पैज?"

"पैज. मी हरलो तर काय?"

"तुम्ही हरले तर एप्रिलमध्ये माझ्या अंगणातली पानं तुम्ही भरायची."

"एप्रिलमध्ये पानं कुठं असतात?"

"तेच तर! तुम्ही आज जी माझ्याकडे ढकलून राहिले ती तोवर तिथंच असतील. पाहिलं मी मघाशी. कुंपणाखालून काठीनं सरकवून राहिले होते."

"वारा आहे," काका म्हणाले.

"वारा काठी घेऊन नसतो फिरत. आणि मी हरले तर तुम्हाला सांबारवडी. खरी, नागपूरची, भरपूर कोथिंबिरीची."

"हं. आता मला पिस्टन्सनं हरावं असं वाटायला लागलं, हे बरोबर नाही."

काकू उठल्या, कप घेतला आणि कठड्याशी आल्या. "तुमची पैज नंतर. आधी २३ तारखेचं ठरवा. बुधवार आहे. त्याच संध्याकाळी मंडळाच्या नाटकाची तालीम ठेवलीय, त्यांना कॅलेंडर बघता येत नाही. मी तालमीला येत नाही म्हणून कळवून टाकते."

"का? तुला काय काम आहे?" काका.

"काम काय असणार! लिटल सीझर्स अरीनाला मी पण येणार आहे. गेल्या वर्षी तुम्ही दोघंच गेलात, मी घरी बसून टीव्हीवर पोरांना हरताना बघितलं. आता हा नवा कोच मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. केड बाहेर बसल्यावर चेंडू आयव्हीकडे जातो की नाही, ते मी मोजणार. गाडी तुमची की तिची तेवढं सांगा, आणि आय-सेव्हंटी-फाइव्हवर ट्रॅफिक असतो, साडेपाचला निघायचं. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मी तुम्हाला सोडून जाईन."

"माझी गाडी," नागपूरकर म्हणाली. "काकांच्या गाडीत रेडिओवर जुने सामने लागतात."

"पार्किंगचे पैसे मी देणार नाही," काका म्हणाले. "साडेअठ्ठ्याहत्तर मिलियन वाटणाऱ्या संघानं पार्किंग फुकट द्यायला हवं."